वेचणीची वही आणि पायथन: प्रकल्प नोंदी

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

कापसाचा पहिला वेचा सुरू होऊन पाच दिवस झाले. आमची पऱ्हाटी आणि शेजारची दोन वावरं मिळून चौदा बाया येतात. टोळी आईची. वजन दिवसातून दोनदा होतं, दुपारी जेवणाआधी आणि संध्याकाळी उजेड जाता जाता. आबाजी काट्याजवळ बसून वहीत लिहितात. बुधवारी बाजार, त्या दिवशी मजुरी वाटायची. गेल्या हंगामात आई दर मंगळवारी रात्री अकरा-बारापर्यंत बेरजा करत बसायची, आणि तरी एकदोघींचा हिशेब चुकायचाच. चूक कमी पैशांची निघाली की ती बाई आठवडाभर आईशी धड बोलत नसे, आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं.

यंदा हे काम मी अंगावर घेतलंय. दादाचा जुना लॅपटॉप आहे, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा कॉलेजात शिकले तेवढी येते. धाकटा भाऊ वहीची पानं मोबाइलवर टाइप करून सीएसव्ही फाइल (रकाने स्वल्पविरामानं वेगळे केलेला साधा मजकूर) पाठवणार. दर किलोमागं १० रुपये ठरलाय.

पायथन ३ मध्ये व्हेरिएबलला (आकडा किंवा मजकूर ठेवायच्या जागेला) देवनागरी नाव देता येतं, म्हणून मी वजन, दर, मजुरी अशीच नावं ठेवली. आईनं डोकावून पाहिलं तर तिला निदान कशाचा हिशेब चाललाय ते कळावं. भाषेचे आपले शब्द मात्र इंग्रजीतच टाइप करावे लागतात. इथे ते मी उच्चाराप्रमाणे लिहितेय.

३ नोव्हेंबर, सोमवार

पहिली चाचणी. एका काकूंचं दुपारचं वजन २२, संध्याकाळचं १८. मजुरी यायला हवी होती ४०० रुपये. स्क्रीनवर आलं २२१८२२१८२२१८… असा चाळीस आकड्यांचा मालगाडीसारखा आकडा.

आधी वाटलं सूत्र चुकलं. (दुपार + संध्याकाळ) गुणिले दर, यात चुकायला आहे काय? तासभर कंस बघत बसले. मग एक ओळ टाकली: प्रिंट(टाइप(दुपार)), म्हणजे 'दुपार' कोणत्या प्रकारची किंमत आहे ते छाप. उत्तर आलं 'स्ट्र', म्हणजे स्ट्रिंग, अक्षरांची माळ.

मग सगळं उलगडलं. सीएसव्ही फाइलमधून वाचलेली प्रत्येक गोष्ट पायथनच्या हाती मजकूर म्हणूनच येते, आकडा असो की नाव. कीबोर्डवरून इनपुट() नं घेतलेलंही तसंच. दोन मजकुरांमध्ये अधिकचं चिन्ह टाकलं की ते एकमेकांना जोडले जातात, म्हणून २२ आणि १८ चे झाले २२१८. मजकुराला पूर्णांकानं गुणलं की तो तितक्या वेळा लिहिला जातो, म्हणून दहा वेळा २२१८. पायथननं नियमाप्रमाणेच केलं. त्याला वजन सांगितलंय असं मी धरून चालले होते, प्रत्यक्षात त्याच्या हाती शब्द दिले होते.

यातलं भीतीदायक हे की प्रोग्राम थांबला नाही. स्ट्रिंगमध्ये पूर्णांक मिळवायला गेले असते तर लगेच टाइपएरर, म्हणजे प्रकार जुळत नसल्याची त्रुटी, आला असता. इथे दोन्ही स्ट्रिंग, दोघांचं जमलं, आणि त्रुटीचा एक शब्दही आला नाही. आकडा चाळीस अंकी होता म्हणून माझ्या नजरेत आला.

५ नोव्हेंबर, बुधवार

या बुधवारचा हिशेब आईनं हातानंच केला. मी आपली शेजारी बसून माझ्या उत्तराशी ताडून पाहिला.

फ्लोट() वापरून मजकुराचा, अपूर्णांक चालेल असा आकडा केला. एक गोष्ट बघून खूप आनंद झाला: फ्लोट('२२') चालतं. देवनागरी अंक पायथनला कळतात, इंट() ला (ते पूर्णांक करतं) आणि फ्लोट() ला दोघांनाही. '४१' दिलं तर ४१.० मिळतं. मी आधी अंक बदलायची दहा ओळींची यादी लिहून ठेवली होती, ती पुसली.

पण भावानं कालपासून मोबाइलचा कीबोर्ड बदलला, आता तो इंग्रजी अंक टाकतो. आकड्यात बदलल्यावर फरक पडत नाही. मात्र मी 'सगळ्यात जास्त कोणी वेचला' ही यादी बदलण्याआधीच्या मजकुरावर लावली होती. तिथे '९' हा '४१' च्या वर बसला, कारण मजकुराची तुलना पहिल्या अक्षरापासून होते आणि ९ हा ४ च्या पुढचा. शिवाय इंग्रजी अंक लिहिलेल्या सगळ्या जणी एका गठ्ठ्यात आणि देवनागरीवाल्या दुसऱ्या गठ्ठ्यात, कारण युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीच्या, क्रमात देवनागरी अंक बरेच पुढे आहेत. ज्या मावशी रोज सगळ्यांत पुढे असतात त्यांचं नाव यादीत खालून तिसरं.

आता नियम: फाइल वाचली की आधी आकड्यात बदल, मगच बाकी सगळं. मधल्या कुठल्याही ओळीला मजकुरातलं वजन दिसताच कामा नये.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज दिवसभर यातच गेला, पण चांगला गेला.

भाऊ दोन दिवस परीक्षेला गेला होता, म्हणून पानं मी स्वतः टाइप केली. आबाजींच्या वहीत '१२॥' असं लिहिलेलं. मी जसंच्या तसं टाकलं आणि प्रोग्राम व्हॅल्यूएरर देऊन थांबला: या मजकुराचा फ्लोट होत नाही. आबाजींना विचारलं तर ते म्हणाले, "एक दांडी म्हंजे पाव, दोन म्हंजे अर्धा, तीन म्हंजे पाऊण. बारा अन् दोन दांड्या, साडेबारा झाले ना मंग. हे तं आमाले चवथीतच शिकवलं होतं."

म्हणजे १२। सव्वाबारा, १२॥ साडेबारा, १२॥। पावणेतेरा. जुन्या वह्यांतली ही पद्धत मी लहानपणापासून बघतेय, पण कधी वाचायला शिकले नव्हते. (मग भाऊ इतके दिवस काय टाइप करत होता? त्याला विचारायचं आहे.)

पहिला प्रयत्न: मजकूर '।' नं संपत असेल तर पाव, '॥' नं संपत असेल तर अर्धा. यात '१२॥।' सापडला. शेवटी एक दांडी, म्हणून त्यानं पाव धरला आणि उरलेल्या '१२॥' वर अडकला. मग आधी '॥।' तपासायचं आणि नंतर बाकीचं, असा क्रम लावला. मग दुसरं लफडं: कीबोर्डवर '॥' हे एकच अक्षर आहे, पण '।।' असं दोनदा '।' दाबूनही दिसायला तेच दिसतं. आणि इंग्रजी कीबोर्डवरची उभी रेघ हे तिसरंच अक्षर. डोळ्याला तिन्ही सारखी, युनिकोडच्या हिशेबी तिन्ही वेगळी.

संध्याकाळी वेचणीवरून येताना सुचलं. आधी सगळ्या दुहेरी दांड्या दोन एकेरी दांड्यांत बदलायच्या, इंग्रजी रेघही एकेरी दांडीत बदलायची, आणि मग नुसत्या दांड्या मोजायच्या. जितक्या दांड्या तितके पाव. ०.२५ गुणिले दांड्यांची संख्या, अधिक पुढचा आकडा. क्रमाची भानगडच संपली. नुसतं '॥' लिहिलेलं असेल, म्हणजे फक्त अर्धा किलो, तर पुढे आकडा उरत नाही आणि फ्लोट('') पुन्हा व्हॅल्यूएरर देतं. तेवढी एक सोय वेगळी केली. तीनपेक्षा जास्त दांड्या दिसल्या तर ओळ परत पाठवायची.

एक अपूर्णांकाचं अक्षरही असतं, '½'. त्याला इझन्युमेरिक() विचारलं तर 'हो' म्हणतं, आणि फ्लोट() त्याला घेत नाही. 'आकडा दिसतो का' आणि 'आकडा होतो का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. इझडिजिट() नं तपासायचा सल्ला बऱ्याच जणांकडून ऐकला होता, पण ते '१२.५' लाही 'नाही' म्हणतं, कारण मधला ठिपका अंक नाही. म्हणून बदलून बघायचं आणि नाही जमलं तर व्हॅल्यूएरर पकडायचा, हेच खरं.

आणखी एक समाधान. संगणक अपूर्णांक अर्धा, पाव, अष्टमांश अशा निम्म्या-निम्म्या होत जाणाऱ्या तुकड्यांत साठवतो, त्यामुळे ०.१ त्याला नेमका ठेवता येत नाही, ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते. पण पाव, अर्धा, पाऊण म्हणजे एक भागिले चार, एक भागिले दोन, तीन भागिले चार. हे तिन्ही फ्लोटमध्ये नेमके बसतात. आबाजींच्या वहीतला एकही आकडा पायथनमध्ये सांडत नाही. त्यांना हे समजावून सांगितलं. त्यांनी काट्याचा आकडा पुसत नुसती मान हलवली, पण रात्री जेवताना आईला सांगत होते.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळपासून लाइन गेलेली. बॅटरी तासभरही टिकत नाही. वहीवर फंक्शनचा आराखडा काढून ठेवला: 'वजन_वाच', आत मजकूर, बाहेर आकडा, नाहीतर नकार.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज पहिल्यांदा माझ्या यादीवरून पैसे वाटले आणि आजच चूक झाली.

टोळीतल्या सगळ्यांत वयस्क आजी पैसे मोजून तिथंच उभ्या राहिल्या. "काऊन वं पोरी, शनवारच्या संध्याकाळचं माह्यं वजन नाही धरलं का? मी तं अंधार पडेपर्यंत वेचत होती ना."

यादीत त्यांच्या शनिवार संध्याकाळपुढं ०. वही उघडली. रकाना रिकामा. शनिवारी संध्याकाळी आबाजी देवळात गेले होते, काट्यावर माझा चुलतभाऊ होता, आणि तो लिहायला विसरला. आजींनी गाठोडं कुठं ठेवलं होतं, त्यांच्यानंतर कोणाचं वजन झालं, सगळं सांगितलं. शेजारच्या दोघींनीही दुजोरा दिला. आईनं त्यांच्या रोजच्या अंदाजानं १६ किलो धरून १६० रुपये दिले आणि माझ्याकडे पाहिलं.

चूक माझ्या एका ओळीची होती. इफ नॉट वजन, तर वजन = ०. रिकामा मजकूर आला की शून्य धर, म्हणजे बेरीज अडणार नाही, असा विचार करून मी ती लिहिली होती. बेरीज अडली नाही खरी, आणि एका बाईची अर्ध्या दिवसाची मजुरी मात्र बुडत होती. रिकामा रकाना म्हणजे 'वेचला नाही' असा अर्थ मी माझ्या मनानं लावला. तो 'लिहिला नाही' असाही असतो.

पायथनमध्ये 'काहीच नाही' यासाठी वेगळी किंमत आहे, नन, आणि तिचा प्रकारही वेगळा, ननटाइप. शून्य हा आकडा आहे. नन हा आकडा नाही. पण 'इफ नॉट' असं विचारलं की ०, नन आणि रिकामा मजकूर, तिघंही एकच उत्तर देतात. म्हणून आता 'वजन_वाच' रिकाम्या रकान्याला नन परत देतं आणि मी 'वजन इज नन' असं नेमकं विचारते. नन बेरजेत गेलं तर टाइपएरर येतो आणि प्रोग्राम थांबतो. थांबलेलाच बरा. आबाजींना सांगितलंय की बाई आली नसेल तर रकान्यात स्पष्ट शून्य काढायचं. रिकामा राहिला तर मंगळवारी मी घरोघरी जाऊन विचारेन.

रात्री झोप लागली नाही. आजी बोलल्या म्हणून कळलं. न बोलणारी असती तर?

१५ नोव्हेंबर, शनिवार

भावाला सीएसव्हीचा कंटाळा आला, आता तो सरळ एक्सेलची फाइल देतो. मी ओपनपायएक्सेल (एक्सेलच्या फाइली वाचायची पायथनची लायब्ररी) वापरून वाचतेय. इथे खेळ वेगळा: सीएसव्हीत सगळं मजकूर होतं, एक्सेलमध्ये प्रत्येक रकाना आपापला प्रकार घेऊन येतो. एकाच कॉलममध्ये इंट, फ्लोट, स्ट्र आणि नन शेजारी शेजारी.

कोणत्या वावरातला कापूस हे कळावं म्हणून सातबाऱ्यावरचा गट नंबर एका कॉलममध्ये ठेवलाय. आमचा ४५/२, शेजारचा १२/२. प्रत्येक किमतीचा टाइप() छापला तर ४५/२ स्ट्रिंग, आणि १२/२ डेटटाइम! एक्सेलनं त्याची १२ फेब्रुवारी करून टाकली होती. पंचेचाळीस तारीख नसते म्हणून आमचा गट वाचला. खुद्द '७/१२' टाइप केलं तरी तो तारीखच समजेल. आपल्याकडे जमिनीचा कागद ज्या नावानं ओळखला जातो ते नाव त्याला डिसेंबरातला एक दिवस वाटतं. हे फक्त आपल्यालाच भोवतं असंही नाही. मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीनं २०२० मध्ये काही जनुकांची नावंच बदलली, मार्च१ चं मार्चएफ१, सेप्ट१ चं सेप्टिन१, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करत होतं. कॉलम आधीच 'मजकूर' म्हणून ठरवून दिला की हे टळतं. तसा करून दिला.

दुसरी सापडलेली गोष्ट जास्त सूक्ष्म. भावानं 'हजर' असा कॉलम स्वतःहून वाढवला, त्यात खरं-खोटं. एका ओळीत एक रकाना सरकला आणि 'ट्रू' वजनाच्या जागी गेलं. माझी तपासणी होती: इझइन्स्टन्स(वजन, (इंट, फ्लोट)). ती 'हो' म्हणाली. बेरजेत एक किलो वाढला.

कारण पायथनमध्ये बूल, म्हणजे खरं-खोटं (ट्रू-फॉल्स) ठेवणारा प्रकार, हा इंटचाच पोटप्रकार आहे. २००३ च्या २.३ या आवृत्तीत हा प्रकार आला तेव्हा तो इंटच्या कुळात घातला गेला, आणि बेरजेत ट्रू आणि फॉल्स १ आणि ० सारखे वागतात. इझइन्स्टन्स() विचारतं, हा या कुळातला का? आणि टाइप(वजन) इज इंट विचारतं, हा नेमका हाच का? कुळाचा प्रश्न बहुतेक वेळा योग्य असतो, म्हणून सगळे तोच वापरायला सांगतात आणि ते बरोबरच आहे. वजनाच्या काट्यावर मात्र 'हजर' या उत्तराला जागा नाही. म्हणून आधी बूल आहे का ते बघायचं, असेल तर ओळ परत, आणि मगच इंट-फ्लोट.

१९ नोव्हेंबर, बुधवार

वाटप झालं. कोणीही परत आलं नाही. आजींनी पैसे दोनदा मोजले, मी तिथंच उभी होते.

२२ नोव्हेंबर, शनिवार

एका जणीपुढे एका वेळचं वजन १२१. प्रकार इंट, बूल नाही, रिकामा नाही, सगळ्या तपासण्या पास. ओटीत एका वेळी एकशे एकवीस किलो कापूस कोण आणेल? वही पाहिली तर '१२।'. भाऊ पहिल्यापासून पावाची दांडी इंग्रजी एक समजून टाइप करत होता! सव्वाबाराचे झाले एकशे एकवीस.

एका वजनाला ६० किलोची हद्द घातली. पण मग लक्षात आलं की '४।' चे ४१ होतात, आणि ४१ हद्दीत बसतात. प्रकारही बरोबर, हद्दही बरोबर, वजन खोटं. अशी ओळ कोणतंही टाइप() पकडणार नाही.

आबाजींनीच वाट दाखवली. संध्याकाळी चुंगड्या (कापसाची पोती) भरून खोलीत टाकण्याआधी ते त्यांचं वेगळं वजन करतात आणि पानाच्या तळाशी लिहितात. ती बेरीज नसते, ते खरंखुरं दुसरं वजन असतं. कालच्या पानाची माझी बेरीज ५४८.५, चुंगड्यांचं वजन ५११.२५. फरक ३७.२५. अर्धा-एक किलो इकडेतिकडे होतोच, पण सदतीस नाही. ४१ वजा ४.२५ म्हणजे ३६.७५. ती एक ओळ दुरुस्त केली आणि फरक अर्ध्या किलोवर आला.

या चुकीत आमचे ३६७ रुपये ५० पैसे जास्त गेले असते. पैशांपेक्षा मला हे लागलं की जिच्या नावावर गेले असते तिच्यावर पुढेमागे कोणीतरी संशय घेतला असता.

मग भावाची आधीची सगळी पानं वहीशी लावून पाहिली. आणखी तीन सापडल्या, तिन्ही लहान. आता दिवसाच्या बेरजेत आणि चुंगड्यांत दोन किलोंहून जास्त फरक आला तर त्या दिवसाची यादी छापलीच जात नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

चार जणींना पैसे खात्यावर हवेत. खाते क्रमांकाच्या कॉलमला मी सवयीनं इंट() लावलं आणि एकीच्या क्रमांकापुढची दोन शून्यं उडाली. खाते क्रमांक, मोबाइल, गट नंबर हे अंकांनी लिहिले जातात, पण त्यांची बेरीज कोणी करत नाही. ते स्ट्रिंगच ठेवायचे. एक्सेल तर पंधरा अंकांपुढचे अंक शून्य करून टाकतं, म्हणून तिथेही तो कॉलम मजकूर.

फंक्शनवर 'वजन: फ्लोट' अशी टाइप हिंटही, म्हणजे किंमत कोणत्या प्रकारची हवी याची खूणही, लिहून पाहिली. २०१५ च्या ३.५ पासून ही सोय आहे. मुद्दाम मजकूर पाठवला तर पायथननं चालवताना काहीच हरकत घेतली नाही. हिंट ही वाचणाऱ्यासाठी आणि मायपायसारख्या तपासनिसासाठी असते. हिंटा राहू दिल्या, पण दारावरची तपासणी 'वजन_वाच' हीच.

३० नोव्हेंबर, रविवार

पहिला वेचा आज संपला. सगळी पानं पुन्हा एकदा चालवली. दोन ओळी अजून नकारात आहेत: एका ठिकाणी चार दांड्या, एका ठिकाणी रकान्यावर चहाचा डाग. चार दांड्यांचं आबाजींना विचारलं, त्यांनाही आठवत नाही. दोन्ही ओळी एकाच काकूंच्या, त्या सोमवारी पल्याडच्या पाड्यावरून येतील तेव्हा त्यांनाच विचारायचं. तोवर त्यांच्या यादीत त्या दोन जागी नन आहे आणि एकूण मजुरीच्या जागी 'बाकी'.

भावाला दांड्या वाचायला आबाजी शिकवताहेत. दुसऱ्या वेच्याला साधारण पंधरा दिवस आहेत.